१२३४५६७८९८७६५४३२१ : शेवटचा एक कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवीतल्या भाच्याने नऊ एकांना नऊ एकांनीच गुणलं, म्हणजे १११११११११ × १११११११११. फोनवर उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. मामांनी तोच गुणाकार ऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये टाकला, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आलं. यातलं खरं कोणतं? हा चढता-उतरता नमुना असाच पुढे चालू राहतो का? आणि ही संख्या नुसती दिसायला छान आहे की तिच्यात काही गणितही आहे?

फोन बरोबर आहे. स्प्रेडशीट चुकली, आणि ते ओळखायला तिसरं यंत्र आणायची गरज नाही. एककाच्या घरात एक गुणिले एक आहे, तेव्हा उत्तराच्या शेवटी १ यायलाच हवा. शिवाय विषम गुणिले विषम हे विषमच असतं, आणि ३०० वर संपणारी संख्या सम आहे. स्प्रेडशीट का चुकते ते शेवटी सांगतो. आधी फळ्यावरचं काम. दादरला मुलांना गणित शिकवायला लागून मला तीस वर्षं झाली. ही संख्या दर जूनमध्ये कुणी ना कुणी वर्गात आणतंच, हल्ली बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून.

भाच्याला चौकटींची वही द्या आणि फोन बाजूला ठेवायला सांगा. वर नऊ एक, खाली नऊ एक, आणि गुणाकार जुन्या पद्धतीने मांडायचा. प्रत्येक ओळ तीच येते, नऊ एकांची. फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळी लिहून झाल्या की पानावर तिरकी पट्टी तयार होते, जिन्याच्या कठड्यासारखी. आता उजवीकडून एकेक उभा रकाना मोजायचा. पहिल्यात एकच १ आहे. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या रकान्यात सगळ्या नऊ ओळी एकाखाली एक येतात, म्हणून तिथे नऊ. दहाव्यात पहिली ओळ संपलेली असते, म्हणून आठ; मग सात, सहा, आणि सतराव्यात पुन्हा एक. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यातल्या एकांची मोजदाद. सगळ्यात उंच रकाना नऊचाच असल्यामुळे हातचा कुठेच येत नाही, आणि म्हणून नमुना स्वच्छ राहतो.

वहीत हे दिसलं की एक गोष्ट फुकट हाती लागते. नऊ ओळींत प्रत्येकी नऊ, म्हणजे पानावर एकूण ८१ एक आहेत. हातचा नसल्यामुळे उत्तराच्या अंकांची बेरीजही तेवढीच, ८१. एकेक अंक मिळवत बसायला नको. १११ च्या वर्गात ९, ११११ च्या वर्गात १६, हाही त्याच हिशेबाचा भाग.

दहा एक घेतले की मात्र जिना मोडतो. वर्गात कुणीतरी हमखास १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं ठोकून देतं. मी फक्त विचारतो, “एका घरात दहा कधीपासून मावायला लागले?” मधल्या रकान्यात दहा एक आहेत: शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा: पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडच्या आठाचे नऊ झाले आणि तिथे हातचा थांबला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या अर्ध्यात सातनंतर एकदम नऊ. आठ गायब!

हा गायब झालेला आठ तुम्हाला ओळखीचा वाटेल. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की १११११११११ येतं, हे शाळेत सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं, आणि त्यातही आठ नाही. १ ला ८१ ने भागत गेलात तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं चालतं, तिथेही नाही. तिन्ही ठिकाणी आठ त्याच हातच्याने खाल्लेला आहे. अंकांची बेरीजही तपासा. दहा एकांच्या वर्गात ती १०० व्हायला हवी, पण येते ८२. प्रत्येक हातच्याला एका घरातले दहा जातात आणि पुढच्या घरात एक येतो, म्हणजे बेरीज नवाने घटते. इथे हातचे दोन, म्हणून अठरा कमी.

आता मोठेपणाबद्दल. सतरा अंकी संख्या वाचताना आपण कोटीशी अडखळतो आणि ‘एकशे तेवीस कोटी कोटी’ असलं काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. ती लावली तर ही संख्या पाठांतरासारखी म्हणता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. पहिल्या दिवशी मुलं हसतात, चौथ्या दिवशी एका दमात म्हणून दाखवतात. तेवढे सेकंद मोजायचे म्हटले तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. मुंबई ज्या काळ्या दगडावर उभी आहे त्याचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे.

अशा संख्यांची आवड आपल्याकडे जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ या संख्येचं वर्णन केलं आहे: एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी. तो सहा एकांचा वर्ग, आपल्या संख्येची धाकटी बहीण.

खास आपला माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण एकांच्या वर्गांना त्यांनी दिलेलं नाव मला जास्त लाडकं आहे: डेम्लो संख्या. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्टेशनात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. तीस मैल म्हणजे ४८ किलोमीटर, हिशेब जुळतो. आज सकाळी आठच्या सुमाराला त्या फलाटावर कुणाला काही सुचेल असं मला वाटत नाही, आणि सुचलंच तरी वही उघडायला कोपर हलणार नाही.

अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या म्हणजे ‘हर्षद’, आनंद देणारी. हे नावही कापरेकरांचंच. आपली संख्या हर्षदही आहे: ८१ ने भागली की १५२४१५७८९९७१०४१ येतं, बाकी शून्य. आणि हे उत्तर स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे.

आणखी एक गंमत करून पाहा. संख्येचे दोन तुकडे करा, १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, आणि त्यांची बेरीज घ्या. येते ९९९९९९९९९, नऊ नऊ. हा योगायोग नाही. १००००००००० ला ९९९९९९९९९ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणून कोणत्याही संख्येचे उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून मिळवले, तर त्या बेरजेची बाकी मूळ संख्येच्या बाकीइतकीच असते. नऊने भाग जातो का ते पाहायला आपण अंक मिळवतो, तीच युक्ती मोठ्या मापात. बेरीज नऊ नऊ आली, म्हणजे भाग पूर्ण जातो: ९९९९९९९९९ × १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१.

आता ‘काही गणितही आहे का’ या भागाकडे येतो. माझ्या मते इथे दोन प्रकारचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात. उलटसुलट सारखं वाचलं जाणं, चढणं-उतरणं, हर्षद असणं, हे सगळं आपण दहाच्या पायात, म्हणजे दर घर दहापट मानून, लिहितो म्हणून दिसतं. हीच संख्या आठच्या पायात लिहिली तर ती ५ ने सुरू होते आणि १ वर संपते, उलटसुलटपणा संपला. उलट संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायात एकांचा जिना पंधरा पायऱ्या चढतो, कारण तिथे एका घरात पंधरा मावतात. वर्ग असणं आणि अवयव मात्र कोणत्याही पायात तेच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या प्रकाराचंच कौतुक फिरतं. मला दुसऱ्यात जास्त रस आहे, म्हणून अवयव पाडूनच दाखवतो.

सतरा अंकांशी झटायचं नाही, वर्गमूळाचे अवयव पाडायचे. नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा: १११, १११, १११. म्हणजे १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तीनने भाग जातो: ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ संख्या आहे का?

आठवीचा मुलगा इथे थकतो. वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे आहे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग लावून पाहायचा. त्या १०६ आहेत. पण इथे एक चोरवाट आहे, आणि ती फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या छोट्या प्रमेयातून जाते. ३३३६६७ ला भागणारी प्रत्येक मूळ संख्या नऊ नऊंनाही भागते, म्हणजे १०^९ − १ ला. मग ती ज्या सर्वांत लहान क साठी १०^क − १ ला भागते, तो क ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. क १ किंवा ३ असेल तर ती संख्या ९९९ ला भागते, म्हणजे ३ किंवा ३७ च. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून तेही बाद. राहिला क = ९. आणि फर्मा सांगतो की अशी मूळ संख्या प ही १०^(प − १) − १ ला भागतेच, म्हणून तिच्यातून १ वजा केला की ९ ने भाग जायलाच हवा. ती विषमही आहे, म्हणून १८ ने.

म्हणजे १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकूण सतरा, आणि त्यातली ३७ आधीच तपासून झाली. कशानेही भाग जात नाही. १०६ भागाकारांचं काम वहीच्या एका पानात आटोपलं. ही युक्ती पहिल्यांदा उलगडली तेव्हा मी स्वतः कॉलेजात होतो, आणि त्या दिवशी स्टेशन चुकवून एक पुढे गेलो होतो.

म्हणून संपूर्ण अवयव असे: ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२. सगळे घातांक सम, वर्ग असल्याची हीच खूण. विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम संख्या आली, कारण विभाजक नेहमी जोडीने येतात आणि वर्गमूळ तेवढं स्वतःशीच जोडी जमवतं. जाता जाता, ८१ च्या सगळ्या विभाजकांची बेरीज करून पाहा: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. घरात पुन्हा एक डेम्लो निघाला.

३७ आणि ३३३६६७ यांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. १ ला ३७ ने भागलं तर ०२७ हे तीन अंक पुन्हा पुन्हा येतात. तीन अंकांचा असा फेरा देणारी ३७ ही एकमेव मूळ संख्या. १ ला ३३३६६७ ने भागलं तर ०००००२९९७ या नऊ अंकांचा फेरा चालतो, आणि नऊ अंकांच्या फेऱ्याची दुसरी मूळ संख्या नाहीच. वरचा युक्तिवाद पुन्हा वाचलात तर याचं कारणही त्यातच सापडेल.

राहिली स्प्रेडशीट. ती संख्या ज्या पद्धतीने साठवते तिच्यात नेमकेपणासाठी ५३ बिट, म्हणजे शून्य किंवा एक मावणारी ५३ घरं, असतात. ५३ दोन एकमेकांना गुणले की ९००७१९९२५४७४०९९२ येतं. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक अचूक मावतो. त्यानंतर दुप्पट होईपर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात आणि विषम. म्हणजे ५४ बिट हवेत, आणि कापला जाणारा बिट शेवटचा, तोच १. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला हा गुणाकार सांगितलात तर ती इमानाने १२३४५६७८९८७६५४३२० दाखवते. स्प्रेडशीट त्याहून एक पाऊल पुढे जाते: पंधराच अंक दाखवते आणि उरलेल्या दोन घरांत शून्यं भरते. म्हणून ३००. पायथनसारख्या भाषेत पूर्णांक लागेल तितका लांब साठवला जातो, तिथे ३२१ च येतं.

याला नुसती गंमत समजू नका. माझा एक जुना विद्यार्थी फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेब पाहतो. सोळा अंकी क्रमांकांची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेतली, तर प्रत्येकाच्या शेवटी शून्य. टाइप करणाऱ्या मुलाला बोलणी बसली. दोन दिवसांनी माझ्याकडे चहाला आला तेव्हा मी त्याला हेच ९००७१९९२५४७४०९९२ कागदावर लिहून दिलं आणि पंधरा अंकांची मर्यादा समजावली. बिचाऱ्या मुलाचा काही दोष नव्हता. असे क्रमांक टाकायच्या आधी रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. नंतर बदलून उपयोग नाही. गेलेला अंक परत येत नाही.

भाच्यासाठी एक काम. अकरा एकांचा वर्ग वहीत काढायला सांगा, फोनला हात न लावता. उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ येईल. अंकांची बेरीज ८५ भरेल, आणि १२१ मधून ८५ गेले की ३६ उरतील. वाटेत हातचे किती वेळा आले, ते वही पुन्हा न उघडता तो सांगू शकतो का बघा.